नाइट किंग आणि नाइट्स किंग: दोन राजांची सरमिसळ आता थांबवा

नागपुरात 'गेम ऑफ थ्रोन्स' या टीव्ही सिरीजवर वाद रंगला की, मग ते धरमपेठेतलं कॅफे असो नाहीतर तर्री पोह्याचा ठेला, कोणीतरी हमखास म्हणतं, "काहून डोकं लावून राहिला बे, नाइट किंग मेला ना! पुस्तकातही तेच होईल." हे ऐकून माझं डोकं तापतं. ही सिरीज ज्यांवर बेतली, त्या जॉर्ज मार्टिन यांच्या १९९६ ते २०११ या काळात आलेल्या पाचही पुस्तकांत तो नाइट किंग कुठेच नाही. जो नाहीच, तो मरणार कसा?

सिरीजमधला राजा, म्हणजे मुडद्यांच्या फौजेचा म्होरक्या, सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. २०१५ मध्ये हार्डहोम या वस्तीत हात वर करून त्याने मेलेल्यांची फौज उठवली. त्याच्या छातीत ड्रॅगनग्लास हा काळा काचेसारखा दगड खुपसून चिल्ड्रन ऑफ द फॉरेस्ट या जंगलातल्या प्राचीन जमातीनेच त्याला घडवलं, हे सहाव्या सीझनमध्ये कळलं. २०१९ मध्ये आर्याचा खंजीर लागला आणि त्याच्यासकट सगळी फौज कोसळली. नावातला 'स', डोक्यावरची शिंगं, चेहऱ्याची ठेवण यांवर मी वेळ घालवणार नाही.

पुस्तकातला नाइट्स किंग भेटतो २००० सालच्या 'अ स्टॉर्म ऑफ सोर्ड्स'मध्ये, आणि तोही प्रत्यक्ष नाही. स्टार्क घराण्यातला मुलगा ब्रॅन भिंतीवरच्या नाइटफोर्टच्या पडक्या किल्ल्यात रात्र काढतो, तेव्हा त्याला घरातल्या म्हाताऱ्या ओल्ड नॅनने सांगितलेली गोष्ट आठवते. उत्तरेच्या बर्फाच्या भिंतीवर पहारा देणाऱ्या नाइट्स वॉचचा तेरावा लॉर्ड कमांडर, ज्याला भीती म्हणून ठाऊक नव्हती, त्याला भिंतीवरून एक बाई दिसली. चंद्रासारखी पांढरी कातडी, निळ्या ताऱ्यांसारखे डोळे, बर्फागत थंड अंग. तिच्या मागे जाऊन त्याने तिला पकडलं, तिच्यावर प्रेम केलं आणि आपला आत्माही तिला देऊन टाकला. मग नाइटफोर्टला आणून तिला राणी आणि स्वतःला राजा जाहीर केलं. तेरा वर्षं हे चाललं. शेवटी विंटरफेलचा स्टार्क आणि भिंतीपलीकडचा राजा जोरामन, दोघे एकत्र आले तेव्हा कुठे तो पडला. तो अदर्सना, म्हणजे भिंतीपलीकडच्या बर्फाळ शत्रूंना, बळी देत होता हे उघड झाल्यावर त्याच्या सगळ्या नोंदी नष्ट केल्या आणि त्याचं नाव घ्यायलाही बंदी घातली.

सगळा घोळ होतो तो इथेच. सिरीजमधला राजा हा शत्रूचा सेनापती आहे, भिंतीपलीकडून चालून येणारा. पुस्तकातला राजा भिंतीवरच्याच लोकांतला, आपल्याच बाजूचा, शपथ घेतलेला माणूस. त्याला कोणी पकडून राक्षस बनवलं नाही, तो स्वतःच्या मर्जीने फितूर झाला. नागपूरकराला हे खरं तर चटकन समजायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी मारबत, म्हणजे मोठा पुतळा, मिरवणुकीने निघते. भोसल्यांच्या घरातली बाकाबाई इंग्रजांना मिळाली, तिची ती आठवण, असं जुने लोक सांगतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत आपण ती जाळतो, ते घरातून झालेल्या दग्याचा राग म्हणून. बाकाबाई उद्या फौज घेऊन येईल, या भीतीने नव्हे. नाइट्स किंग तसाच आहे. खुद्द जॉर्ज मार्टिन यांनीही सांगितलंय की तो ब्रँडन द बिल्डरसारखा दंतकथेतला माणूस आहे, आणि आजवर जिवंत असण्याची शक्यताही तेवढीच.

आता थिअरींकडे. "एकाला मारलं की सगळे पडतात" हा सिरीजने सातव्या सीझनमध्ये केलेला नियम. पुस्तकात त्याला आधार नाही. नाइट्स वॉचच्या स्मॉल पॉलला एका अदरने मारलं. त्याच अदरला पॉलचा साथीदार सॅमने ड्रॅगनग्लासने भोसकलं आणि तो वितळून गेला. तरीही पुढे तोच पॉल चालता मुडदा होऊन सॅम आणि त्याच्यासोबतच्या गिलीवर चालून आला. त्याला दुसऱ्या कोणी उठवलं असेल, मान्य. पण मग एका राजाच्या मरणावर अख्ख्या युद्धाचा शेवट उभा करायचा कशाच्या जोरावर?

भिंतीपलीकडे राहून आपले मुलगे अदर्सना देणाऱ्या क्रॅस्टरच्या पोरांचंही तेच. बाळाचे डोळे निळे होताना आपण २०१४ च्या सीझनमध्ये पाहिले. पुस्तकात ही पोरं अदर होतात, असं सुचवणारं क्रॅस्टरच्या एका म्हाताऱ्या बायकोचं बोलणं आहे, बस. तो भक्कम इशारा आहे, पुरावा नाही. आणि "ब्रॅनच नाइट किंग" म्हणणाऱ्यांनी ओल्ड नॅनचं वाक्य पुढे करू नये. त्याचं नाव कदाचित ब्रँडन असेल, असं ती म्हणते खरी, पण स्टार्कांच्या घरात ब्रँडन पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेलेत.

वाद घालायचाच तर सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या स्टॅनिसवर घाला. तो स्वतःच्या मुक्कामासाठी नेमका नाइटफोर्ट मागून घेतो. त्याच्यासोबत परक्या देवाची एक पुजारीण आहे, मेलिसान्ड्रे. नाइट्स किंगची राणी थंड आणि निळ्या डोळ्यांची, तर मेलिसान्ड्रे तापलेली आणि लाल डोळ्यांची. राजा म्हणवून घेणारा हा माणूसही तिच्या शब्दावर माणसं जाळतो. मार्टिन ही जुनी गोष्ट उलटी करून पुन्हा सांगताहेत, असं माझं ठाम मत आहे. याच्या विरुद्ध बोलायला जागा आहे: पाचव्या पुस्तकात स्टॅनिस नाइटफोर्टपासून लांब, विंटरफेलच्या वाटेवर बर्फात अडकलाय. हा मुद्दा कोणी काढला तर मी तासभर बसून ऐकेन. पण ब्रॅनचं ते नाइटफोर्टचं प्रकरण आधी वाचून या.