भाकरीवरचा निळा डाग आणि कोंबूचाची बरणी

सोलापुरी कडक भाकरीच्या तुकड्यावर जखमेला लावायच्या तपकिरी औषधाचा एक थेंब टाकून बघा. बघता बघता थेंब निळा-काळा होतो. ज्वारीतल्या स्टार्चचे रेणू मळसूत्रासारखे पिळलेले असतात. औषधातलं आयोडीन त्या पिळात जाऊन बसतं आणि हा रंग येतो. शाळेत हा प्रयोग करून आपण विसरून गेलो. मला तो आठवला बरणी धुताना.

बरणी कोंबूचाची, म्हणजे गोड चहा आंबवून केलेल्या आंबटसर, फसफसत्या पेयाची. परदेशात लोक हौसेने घरी बिअर करतात. आपल्याकडे 1949 च्या दारूबंदी कायद्याने ते विनापरवाना करता येत नाही, तेव्हा माझी मजल चहापर्यंतच. शत्रू मात्र दोघांचेही तेच: बुरशी आणि नको ते जिवाणू. माझ्या पहिल्याच बरणीवर आठवड्याभरात हिरवट लव धरली. घासूनपुसून लख्ख केली होती, तरी! साबण मळ सोडवतो, चिवट जंतू सगळे मारतोच असं नाही. उकळतं पाणी ओतावं तर काच तडकते. ब्लीच चालतं, पण चार पाण्यांनी धुवावं लागतं, आणि जरा राहिलं तर पेयाला दवाखान्याचा वास येतो.

बिअरवाल्यांचा यावरचा उपाय म्हणजे आयोडोफोर, आयोडीनचं एक जंतुनाशक.

1811 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा समुद्री शेवाळाच्या राखेवर काम करत होता. आम्ल जास्त पडलं आणि जांभळी वाफ उठली, तेच आयोडीन. जंतूंचा ते कर्दनकाळ, पण पाण्यात नीट विरघळत नाही, कातडीला झोंबतं, डाग पाडतं. आयोडोफोरमध्ये ते एका मोठ्या वाहक रेणूच्या कुशीत सैलसर बांधून ठेवलेलं असतं. मार्केट यार्डात कांद्याची थप्पी गोदामात आणि दुकानात दोनच पोती, तसा प्रकार. मोकळं आयोडीन थोडंच असतं. ते जंतूंच्या प्रथिनांवर खर्ची पडलं की गोदामातून पुढचं सुटतं.

म्हणून मात्राही इवलीशी पुरते: दहा लाख भाग पाण्यात साडेबारा भाग आयोडीन. बाटलीवर 1.6 टक्के आयोडीन लिहिलं असेल तर 10 लिटरच्या बादलीला 8 मिलिलिटर, म्हणजे चहाचे दीड चमचे. पाणी फिकट चहासारखं दिसतं. आधी घासून स्वच्छ केलेली बरणी त्यात दोन मिनिटं बुडवायची, मग पालथी घालून निथळू द्यायची. पुन्हा धुवायची गरज नाही. तळाशी 5 मिलिलिटर राहिलं तरी त्यात साधारण 60 मायक्रोग्रॅम आयोडीन. मोठ्या माणसाची रोजची गरजच 150 ची आहे. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांनी मात्र उकळून गार केलेल्या पाण्याने एकदा विसळून घ्यावी. आणि गडद केलं की जास्त चांगलं, हा आपला घरगुती हिशोब इथे चालत नाही. मग विसळावंच लागतं, शिवाय प्लास्टिकचा नळ कायमचा पिवळा पडतो.

सोलापुरात खरी अडचण उन्हाची. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चटका देतं. तसल्या पाण्यात आयोडीन टिकत नाही, वाफ होऊन निघून जातं. रात्री भरून ठेवलेलं पाणी सकाळी घ्यावं. बोअरच्या पाण्याचीही कटकट आहेच. आयोडीनला किंचित आम्ल पाणी मानवतं, म्हणून बाटलीत आम्ल घातलेलं असतं. बोअरच्या पाण्यातला क्षार ते आम्ल खाऊन टाकतो.

गाई-म्हशीवाल्या घरात आयोडीनची बाटली असतेच, धार काढल्यावर सड बुडवायची. ती बरणीसाठी उचलू नका. तिच्यात कातडी मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन वगैरे असतं. भांड्यांसाठीचं वेगळं मिळतं.

या औषधाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते खोटं बोलत नाही. काम करून संपलं की आयोडीनचं आयोडाइड होतं आणि रंग उडतो. त्यातल्या पेलाभर पाण्यात लिंबू पिळा, क्षणात पाणी नितळ: क जीवनसत्त्वाने सगळं आयोडीन संपवलेलं असतं. (पांढऱ्या टॉवेलवर डाग पडला तर हीच युक्ती. मी दोन टॉवेल घालवल्यावर शिकलो.)

कालचं पाणी आज चालेल का, अशी शंका आली तर डोळ्यांवर विसंबू नका, फिकट रंग फसवतो. वाटीभर पाणी बाजूला घेऊन त्यात भाताच्या पेजेचे चार थेंब सोडा. निळं झालं तर अजून दम आहे. नाही झालं तर बादली ओतून द्या आणि नवं कालवा. वाटीतलं पाणी बादलीत परत टाकू नका; पेज गेली की उरलेलं आयोडीन तिच्याच मागे लागतं.