वर्डल : खेळाडूंचे समाजजीवन आणि शिष्टाचार

वर्डल हा सहा प्रयत्नांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा ऑनलाइन खेळ. अंदाजाने टाकलेल्या शब्दातले अक्षर योग्य जागी असेल तर त्याचे घर हिरवे होते, अक्षर शब्दात आहे पण जागा चुकली असेल तर पिवळे, आणि अक्षर शब्दातच नसेल तर करडे. दिवसाला एकच नवे कोडे मिळते आणि त्या तारखेला जगभरच्या सगळ्या खेळाडूंना तोच शब्द असतो. खेळ एकट्याने खेळायचा असला तरी या एका अटीमुळे त्याच्याभोवती मोठा समाज उभा राहिला. त्याचे रीतिरिवाज कुणी लिहून दिलेले नाहीत. ते २०२१ च्या अखेरीस काही आठवड्यांत रुजले आणि बरेचसे आजही पाळले जातात. प्रस्तुत नोंद मुख्यतः या रिवाजांची आहे.

उगम

मूळचे वेल्सचे आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे सॉफ्टवेअर अभियंते जॉश वॉर्डल यांनी हा खेळ आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी तयार केला. खेळाचे नाव त्यांच्या आडनावावरूनच पडले. कोरोनाच्या काळात दोघांना न्यूयॉर्क टाइम्समधील शब्दकोडी सोडवण्याचा छंद लागला होता. इंग्रजीतले पाच अक्षरी शब्द सुमारे बारा हजार. त्यांतले रोजच्या ओळखीचे सुमारे अडीच हजार शब्द शाह यांनी निवडून काढले. काही महिने खेळ घरच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपुरता होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला ९० जण खेळत होते, २ जानेवारी २०२२ ला तीन लाखांहून अधिक.

वॉर्डल यांचे आधीचे काम माहीत असले की या खेळाची घडण नीट कळते. रेडिट या संकेतस्थळासाठी त्यांनी २०१५ मध्ये ‘द बटन’ (प्रत्येकाने एक बटण एकदाच दाबायचे) आणि २०१७ मध्ये ‘प्लेस’ (सामायिक पटावर एका वेळी एकच ठिपका रंगवायचा) हे सामूहिक प्रयोग केले होते. दोन्हींत प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोडे येई आणि त्या थोड्यातून अनोळखी माणसे एकमेकांशी बांधली जात. वर्डलमध्ये हा थोडेपणा दिवसाला एका शब्दावर आला. खेळात जाहिरात नव्हती, आठवण करून देणारी घंटी नव्हती, आणखी एक डाव खेळायची सोयही नव्हती. शब्द सुटला की उद्याची वाट पाहायची.

मौनाचा नियम

सर्वांत मोठा आणि जवळजवळ एकमेव कडक नियम असा, की उत्तर फोडायचे नाही. वर्तमानपत्रातल्या शब्दकोड्याचे उत्तर दुसऱ्या दिवशी छापून येते, तोवर घरातल्या एकाने पेनने सगळी घरे भरून टाकली की बाकीचे चिडतात. वर्डलमध्ये ते वर्तमानपत्र एकाच वेळी लाखो घरांत पडलेले असते. त्यामुळे ‘सांगू नकोस’ ही घरगुती तंबी इथे सार्वजनिक सभ्यता बनली.

उत्तर न सांगण्याइतकेच महत्त्व सूचक न बोलण्याला आहे. ‘आज एक अक्षर दोनदा आहे’, ‘आजचा शब्द स्वयंपाकघरातला’, ‘सुरुवातीलाच अडकाल’ ही वाक्ये जाणते खेळाडू टाळतात. ‘आज अवघड होता’ एवढे चालते की नाही, यावर मात्र एकमत नाही. काहींच्या मते त्यातून काही कळत नाही. काही म्हणतात, अवघड म्हटले की माणूस विचित्र शब्दांच्या मागे लागतो. दुसरे म्हणणे अधिक पटण्यासारखे आहे, कारण मनाची तयारी हाही या खेळाचा भाग आहे.

जानेवारी २०२२ मध्ये या नियमाची कसोटी लागली. त्या वेळी पुढच्या सगळ्या दिवसांचे शब्द पानाच्या कोडमध्येच क्रमाने ठेवलेले होते आणि जाणकाराला ते सहज वाचता येत. कुणीतरी ट्विटरवर एक स्वयंचलित खाते सुरू केले. निकाल टाकणाऱ्याला ते उद्धट उत्तर देई आणि सोबत दुसऱ्या दिवशीचा शब्दही सांगून टाकी. ट्विटरने ते बंद केले. शब्द खेळाडूंच्या हाताशीच पडलेले होते आणि तरीही बहुतेकांनी ते पाहिले नाहीत. वर्डलचा समाज कशावर उभा आहे, ते इथे दिसते.

चौकोनांची भाषा

उत्तर सांगायचे नाही, पण सोडवल्याचा आनंद तर वाटायचा आहे. या पेचातून रंगीत चौकोनांची जाळी आली. ही कल्पना मुळात खेळाडूंची. न्यूझीलंडमधल्या ट्विटर वापरणाऱ्यांनी हिरवे-पिवळे चौकोन हाताने टाइप करून आपला डाव दाखवायला सुरुवात केली; ते पाहून वॉर्डल यांनी डिसेंबर २०२१ मध्ये खेळातच तशी सोय केली. अक्षरे गायब, फक्त रंग. वरच्या ओळीत खेळाचे नाव, कोड्याचा क्रमांक आणि किती प्रयत्न लागले तो आकडा. खेळाचा दुवा त्यांनी मुद्दाम जोडला नाही. चौकोन पाहून ‘हे काय आहे?’ असे विचारणाऱ्याला जुन्या खेळाडूने समजावून सांगायचे, अशी आपोआप दीक्षा सुरू झाली.

ही जाळी वाचायची एक रीत आहे. हिरव्या पायऱ्या हळूहळू चढत गेल्या की सावध खेळाडू. चार घरे हिरवी आणि एकच घर सलग तीन-चार ओळी करडे राहिले, तर एका अक्षराने अडवलेला दुर्दैवी. त्याला सहानुभूती द्यायची. आकड्याच्या जागी एक्स म्हणजे सहाही प्रयत्न गेले. आकड्याशेजारी तारा म्हणजे ‘हार्ड मोड’, म्हणजे सापडलेली अक्षरे पुढच्या प्रत्येक शब्दात वापरायची सक्ती. एक्स आला तरी निकाल टाकणाऱ्याचा मान राहतो. फक्त चांगले दिवस दाखवणाऱ्याबद्दल मंडळी पुढे शंका घेतात.

जाळी दिसते तेवढी मुकी नसते. अनेकांचा पहिला शब्द ठरलेला असतो: कुणाचा चार स्वरांचा ‘अड्यू’ (adieu), कुणाचा ‘क्रेन’, कुणाचा ‘स्टेअर’. मावशी रोज ‘अड्यू’ने सुरुवात करते हे घरात सगळ्यांना माहीत असेल, तर तिच्या पहिल्या ओळीवरून शब्दातले अर्धे स्वर कळून जातात. म्हणून बऱ्याच ग्रुपांत नियम असतो, की आपले कोडे सुटल्याशिवाय ग्रुप उघडायचा नाही. हा नियम पाळणे सगळ्यांच्याच हिताचे.

दोन गोष्टींकडे खेळाडूंचे लक्ष उशिरा गेले. दृष्टिहीन व्यक्तींचे फोन पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतात. त्यांना या जाळीचा एकेक चौकोन रंगासह ऐकावा लागे, कधी तीस वेळा. त्यानंतर शब्दांत वर्णन देण्याची किंवा जाळीचे चित्र करून त्याला वर्णन जोडण्याची पद्धत काहींनी स्वीकारली. ती व्हायला हवी तितकी पसरली नाही, ही खेदाची बाब आहे. दुसरी गोष्ट रंगांधळेपणाची. त्यासाठी खेळात नारिंगी-निळ्या रंगांचा पर्याय आहे, आणि एखाद्याची जाळी तशी आली तर कारण विचारत बसू नये.

ज्यांना खेळात रस नाही त्यांचाही विचार रिवाजात आहे. निकालाच्या डोक्यावरचे खेळाचे नाव खोडू नये, कारण त्या शब्दावरूनच इतरांना असे संदेश आपल्यापुरते बंद करता येतात.

मध्यरात्रीची रेषा

नवे कोडे ज्याच्या-त्याच्या मध्यरात्री उघडते. घर एकाच गावात असेल तर यात काही विशेष नाही. पण ऑकलंड, पुणे, लंडन आणि न्यू जर्सी अशा चार ठिकाणी पांगलेल्या मराठी कुटुंबाच्या ग्रुपवर ही रेषा रोज जाणवते. ऑकलंडला मध्यरात्र होते तेव्हा पुण्यात दुपारचे साडेचार किंवा साडेपाच वाजलेले असतात. पुण्यात मध्यरात्र होते तेव्हा न्यू जर्सीत आदल्या दिवसाची दुपार असते. न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात तिथून कॅलिफोर्नियापर्यंतचा हिशेब केला, तर एका कोड्याचे आयुष्य पंचेचाळीस तासांचे होते. म्हणजे ऑकलंडच्या भाचीला ज्या शब्दावर मनसोक्त बोलायचे आहे, तो कॅलिफोर्नियातल्या मामाने अजून पाहिलेलाच नसतो. कोड्याचा क्रमांक इथे कामी येतो. तारखेचा घोळ होतो, क्रमांकाचा होत नाही. सर्वांत मागच्या घड्याळाचा माणूस खेळून होईपर्यंत थांबायचे, हा अशा ग्रुपांतला समजूतदार नियम.

शब्द एकच नसेल तर

३१ जानेवारी २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने हा खेळ दहा लाखांहून अधिक डॉलर देऊन विकत घेतल्याचे जाहीर केले. त्यानंतर यादीतले काही अवघड आणि काही दुखावणारे शब्द काढले गेले. पण ज्यांच्या ब्राउझरमध्ये जुने पान साठून राहिले होते, त्यांना जुनीच यादी मिळत राहिली. १५ फेब्रुवारीला काहींचे उत्तर ‘अगोरा’ होते, काहींचे ‘अरोमा’. ९ मे रोजी ‘फीटस’ (गर्भ) आणि ‘शाइन’ असे झाले. पहिला शब्द अमेरिकेतल्या गर्भपाताच्या तापलेल्या वादामुळे ऐनवेळी बदलला होता, पण हा बदल सगळ्यांपर्यंत पोहोचला नाही. वरवर ही किरकोळ तांत्रिक चूक वाटते. खेळाडूंना मात्र ती फार लागली, कारण आपण आणि समोरचा एकाच शब्दाशी झुंजतो आहोत हा विश्वासच त्या दिवशी तुटला. दोन शब्द झाले की निकालांची तुलना संपते आणि मौन पाळायलाही अर्थ उरत नाही.

भाषेच्या मालकीचे भांडणही याच काळातले. ‘फेव्हर’ आणि ‘ह्यूमर’ हे शब्द अमेरिकी पद्धतीने, यू हे अक्षर गाळून आले तेव्हा ब्रिटनमधले खेळाडू रागावले. ५ मे २०२२ चा शब्द ‘होमर’ होता. बेसबॉलमधील होम रनला अमेरिकेत म्हणतात तो. त्या एका दिवसात केंब्रिज शब्दकोशाच्या संकेतस्थळावर तो ६५,००० हून अधिक वेळा शोधला गेला, त्यांतले बहुतेक शोधणारे उत्तर अमेरिकेबाहेरचे होते. केंब्रिजने पुढे त्यालाच वर्षाचा शब्द ठरवले. इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा असलेल्या खेळाडूला असा शब्द अडला तर तो त्याच्या बुद्धीचा दोष मानू नये, हे ग्रुपमध्ये आवर्जून बोलले गेले पाहिजे.

सलग दिवस

किती दिवस न चुकता सोडवले तो आकडा म्हणजे ‘स्ट्रीक’. सुरुवातीला तो फक्त त्या फोनच्या ब्राउझरमध्ये राहत असे. फोन बदलला की शून्य. दुसऱ्याची स्ट्रीक तुटली की चिडवू नये, हा संकेत बहुतेक ठिकाणी पाळला जातो. आजारपण, प्रवास, घरातले दुःख यांमुळे दिवस चुकतो आणि परत आलेल्या माणसाचे ‘१’ या आकड्याने स्वागत होते. उत्तर आधी पाहून खेळण्याबद्दल कुणाला जाब विचारण्याची पद्धत नाही. पहिल्याच प्रयत्नात वरचेवर उत्तर येऊ लागले तर लोक गप्प राहतात, आणि ती शांतता पुरेशी असते.

या आकड्याचा त्याग करण्याची वेळही खेळाडूंवर आली. ८ डिसेंबर २०२२ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या अकराशेहून अधिक कर्मचाऱ्यांनी एक दिवसाचा संप केला. त्या दिवशी वर्डलही खेळू नका, असे आवाहन वाचकांना करण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तंत्रज्ञ कर्मचाऱ्यांचा संप आठवडाभर चालला तेव्हा त्यांनी पर्याय म्हणून स्वतः तयार केलेले खेळ दिले. अनेकांनी जपलेली स्ट्रीक त्यासाठी सोडून दिली.

रोजचा निकाल हा खुशालीचा निरोपही असतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये शिकागोजवळ एका वृद्ध बाईंना घरात शिरलेल्या माणसाने अनेक तास कोंडून ठेवले होते. दूर राहणाऱ्या मुलीला आईचा रोजचा निकाल आला नाही म्हणून शंका आली, पोलीस घरी पोहोचले आणि बाई सुखरूप सुटल्या. दूरदेशी मुले असलेल्या कितीतरी घरांत हे चौकोन आज त्याच कामाचे आहेत. ‘कशी आहेस?’ असे रोज विचारणे जड जाते. ‘आज चौथ्याला सुटला’ हे सहज लिहून होते.

नावाच्या साधर्म्याचा एक प्रसंगही नोंदवण्याजोगा आहे. स्टीव्हन क्रॅव्होटा यांनी काही वर्षांपूर्वी ‘वर्डल’ याच नावाचे वेगळे ॲप काढले होते. जानेवारी २०२२ मध्ये चुकून ते लाखभराहून जास्त लोकांनी उतरवून घेतले. अनपेक्षित आलेले ते उत्पन्न त्यांनी वॉर्डल यांच्याशी बोलून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमधल्या मुलांच्या शिकवणीच्या उपक्रमाला द्यायचे ठरवले.

मराठीत

वर्डलच्या धर्तीवर अनेक भाषांत खेळ निघाले, मराठीतही हौशी मंडळींनी ते केले. देवनागरीत पहिला प्रश्न घराचा येतो: एका घरात काय बसवायचे? ‘पुस्तक’ तीन अक्षरी धरला तर ‘स्त’ हे जोडाक्षर एका घरात जाते. ‘कि’ आणि ‘की’ एकच मानायचे की वेगळे, काना-मात्रा चुकली पण व्यंजन बरोबर असेल तर घराला कोणता रंग द्यायचा, हे खेळ करणाऱ्याला ठरवावे लागते. इथून शुद्धलेखनाचा वाद निघतो आणि तो रंगतोही, कारण ऱ्हस्व-दीर्घावर मत नसलेला मराठी माणूस विरळा. अशा वेळी मूळ खेळातला रिवाजच उपयोगी पडतो. वाद कितीही महत्त्वाचा असला तरी तो दुसऱ्या दिवशी, सगळ्यांचा शब्द सुटल्यावर काढायचा. ‘यात वेलांटी पहिली आहे’ एवढे लिहिले तरी कुणाचा तरी डाव गेलेला असतो.