पाणंदीला मुरूम किती लागेल?

"किलोमीटरला किती घेता?" आम्ही पाणंदी, म्हणजे शेताकडे जाणाऱ्या वाटा, मुरूम टाकून करून देतो, आणि उन्हाळा लागला की दिवसाला चार-पाच फोन याच प्रश्नाचे येतात. आम्ही उत्तर टाळतो असे वाटू नये, म्हणून हे पत्रक. दर सांगायला अडचण नाही, पण नुसत्या लांबीवर सांगितलेला दर काम संपेपर्यंत टिकत नाही.

एक किलोमीटर म्हणजे ३,२८० फूट. रुंदी १२ फूट आणि दबाईनंतर मुरमाचा थर ६ इंच धरला, तर १९,६८० घनफूट होतात. १०० घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे १९७ ब्रास. इथपर्यंत सगळ्यांचे बरोबर येते. मग तेवढेच १९७ ब्रास डंपरवाल्याकडून मागवले जातात, आणि तिथे गाडी रुतते.

हा आकडा दबलेल्या मुरमाचा आहे. डंपरमधून येतो तो मोकळा. पाणी मारून रोलर फिरला की तो बसतो. आम्ही सव्वापट, म्हणजे २४६ ब्रास धरतो. माल भुसभुशीत असेल तर आणखी. आमच्या कोटेशनमध्ये मुरूम 'वाढवलेला' दिसतो तो यामुळे. दुसऱ्याचा कागद स्वस्त वाटला तर त्याला एवढेच विचारा, ब्रास गाडीत मोजलाय की रस्त्यावर?

एका पाणंदीवर शेतकऱ्यांनी वर्गणी काढून मुरूम स्वतःच आणला होता, पसरणे आणि दबाई आमच्याकडे. १९७ ब्रास काटेकोर मोजून टाकले. शेवटचे दोनशे मीटर मुरमाविनाच राहिले. रोलर उभा, पुन्हा वर्गणी, पुन्हा रॉयल्टीची, म्हणजे मुरमापोटी सरकारला भरायच्या पैशांची, धावपळ, आणि तेवढ्यात वळीव. रोलर नेण्या-आणण्याचे भाडे दोनदा पडले. त्याचा राग आमच्यावर निघाला, हेही सांगायला हरकत नाही.

ट्रॉलीने माल आणणार असाल तर टेप लावा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, दीड फूट उंच ट्रॉलीत ९० घनफूट मावतात. बोलताना तिला एक ब्रास म्हणतात.

काळ्या रानात थेट मुरूम टाकायला सांगू नका. पहिल्याच पावसात तो चिखलात जिरतो. वरची माती काढून दगडाचे सोलिंग, म्हणजे मुरमाखाली दगडांचा थर, करावे लागते. हा खर्च जड आहे, म्हणून सबंध वाटेला नको. काळवट पट्टा असेल तेवढ्यालाच आम्ही सुचवतो.

पाण्याची वाट सोडलीच पाहिजे. रस्त्याची पाठ कडेपेक्षा तीन इंच उंच, दोन्ही बाजूंना चर, आणि ओघळ आडवी येते तिथे पाइपाची मोरी. अडीच मीटरचे दोन पाइप १२ फुटी रस्त्याला पुरतात असे वाटते. कडेची माती ढासळून तोंडे बुजली की तिसरा आठवतो. आम्ही तीनच धरतो.

मापाला येऊ तेव्हा गावनकाशाची प्रत काढून ठेवा. दुबार तुटक रेषेचा गाडीमार्ग साडेसोळा ते एकवीस फुटांचा असतो, एकेरी तुटक रेषेची पायवाट सव्वाआठ फुटांची. वाट कोणी अडवली असेल तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. तो निकाल लागू द्या, मग आम्हाला बोलवा. बांधावर भांडण चालू असले तरी जेसीबीचा तास मोजला जातोच.

देखभालीचे कोणी विचारत नाही. मुरमाचा दहावा हिस्सा आम्ही वेगळा दाखवतो. तो त्याच फेऱ्यांत आणून कडेला ढीग घालून ठेवा. पावसाळ्याआधी चर उपसा, दिवाळीच्या सुमारास खड्डे भरा. ज्यांनी आमच्याकडून काम करून घेतले, त्यांच्याकडे पहिल्या दिवाळीला एक फेरी आमची, तिचे पैसे नाहीत. जागेवर येऊन माप घेण्याचे पैसे मात्र आधी घेतो. काम आम्हाला दिले तर ते बिलातून वजा होतात.