कोकणातले जुने चिरेबंदी घर घेण्यापूर्वी

ओटीचे खांब आणि माजघरातला गारवा पाहून घर मनात भरते. व्यवहार मात्र बहुतेक वेळा सह्यांपाशी अडतो. म्हणून किंमत बोलण्याआधी वारस किती, हे विचारा.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असले म्हणून मालकी ठरत नाही. घर गावठाणात असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) बघा. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत ती मिळू लागली आहे. गावठाणाबाहेरच्या घराला सातबारा आणि त्यावरचे सगळे फेरफार (हक्कातल्या बदलांच्या नोंदी) लागतात. घराखालची जमीन शेतीची असेल, तर कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. घर एकाचे आणि जमीन दुसऱ्याची, असेही कोकणात पुष्कळदा निघते. सातबाऱ्यावरच्या 'इतर हक्क' या रकान्यातल्या कुळाच्या नोंदी त्यासाठीच वाचायच्या.

आजोबांच्या नावचे घर असेल तर मुंबईतले काका आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या, सगळ्यांचा हिस्सा धरा. "बहिणींचं काही म्हणणं नाही" हे तोंडी चालत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे, नाहीतर खरेदीखतावर सही. परदेशातल्या वारसाचे कुलमुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. शिवाय लिहून देणारा वारला की साधे कुलमुखत्यारपत्र संपते, म्हणून सही करणारा हयात आहे याची खातरजमा नोंदणीच्या दिवशी करा.

एकट्या भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, असे आम्ही आग्रहाने सांगतो. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरात बाहेरच्या खरेदीदाराला सामाईक ताबा मागता येत नाही (मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ४४). वाटपाचा दावा लावलात तर १८९३ च्या वाटप कायद्याने कुटुंबच तुमचा हिस्सा विकत मागू शकते. पैसे अडकतात, घर मिळत नाही.

मूळ घरात भावकीचा एकच गणपती बसत असेल तर पुढे तो कुठे बसणार, हे साठेखत (खरेदीखताआधीचा विक्रीचा करार) करण्यापूर्वी बोलून घ्या. विहीर सामाईक असेल तर पाण्याचा हिस्सा आणि तिथवरची वाट दोन्ही लिहून घ्या.

आता घर. शक्य असेल तर एकदा जुलैत बघा. उन्हाळ्यात ओल दिसत नाही. सोबत ओळंबा, टॉर्च आणि टोकदार पेचकस ठेवा. लाकूड मधे ठणठणीत आणि टोकाला कुजलेले असते, त्यामुळे पेचकस खांबाच्या बुडाशी, तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकापाशी आणि पन्हळीखालच्या वाशांत टोचा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो भाग बदलावाच लागेल. भिंतीवरून चढणाऱ्या मातीच्या बारीक नळ्या म्हणजे वाळवी. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर लाकूड पोखरणारा किडा. रिपा (कौलांखालच्या पट्ट्या) मोडल्या तर खर्च कमी, आढे (छपराच्या माथ्याची आडवी तुळई) खचले तर छप्पर उतरवावे लागते. आढ्याची रेघ अंगणातूनच दिसते: मधे बाक आहे का ते लांबून पाहा.

मंगलोरी कौले चौरस मीटरला साधारण १५ लागतात. जुनी कौले काढून घासून पुन्हा बसवता येतात, पण फुटलेल्यांच्या जागी त्याच साच्याची मिळायला हवीत, नाहीतर खाचा जुळत नाहीत आणि पाणी आत येते. मागची कारखान्याची छाप टिपून घ्या.

भिंत मातीत बांधलेल्या जांभ्याची आणि बाहेरून ताजा सिमेंटचा गिलावा, हे दिसले की सावध व्हा. जांभा सच्छिद्र आहे. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते. दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगतो, टकटक केल्यावर पोकळ वाजतो, आणि तीच ओल तुळईच्या टोकांना पोचते. ऑइलपेंटही तसाच. दुरुस्तीत सिमेंट काढून चुना लावणे महाग पडते, तरी आमचा सल्ला तोच आहे.

कोपऱ्याजवळची भेग वर रुंद, खाली बारीक असेल तर वाशांच्या रेट्याने भिंत बाहेर झुकलेली असू शकते, किंवा पाया बसलेला. ओळंबा सोडून बघा. भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून पावसाळाभर ठेवा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

लाकडी पट्टीवरचे जुने वायरिंग बदलायचेच, असे धरून चाला. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) त्याच खर्चात येऊ द्या. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान ५० फूट लांब हवा.

दुरुस्ती छपरापासून सुरू करा, मे संपायच्या आत. मग घराभोवतीच्या पाण्याचा निचरा, मग भिंती, फरशी शेवटी. भिंती ओल्या असताना फरशी केली तर ती उखडावी लागते.

पाहणीसाठी आमच्याकडे येताना सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नमुना ८, वारस नोंदीचे फेरफार आणि घरपट्टीची शेवटची पावती आणा. पाहणी दिवसाउजेडी करतो. माळ्यावर चढायला शिडी लागते. ती तयार ठेवायला आणि देवघरासकट सगळ्या खोल्यांची कुलपे उघडी ठेवायला घरमालकांना आधी सांगून ठेवा.