घड्याळाच्या आधीचं मडकं

घड्याळ आहे म्हणजे ते बनवणारा कुणीतरी असणारच, मग एवढं मोठं विश्व आपोआप कसं झालं असेल, हा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येत असेल. हे घड्याळ विल्यम पेली नावाच्या इंग्रज पाद्र्याच्या १८०२ च्या पुस्तकातलं. पण आपल्याकडे हाच वाद त्याच्या हजारेक वर्षं आधी मडक्यावरून झालाय, आणि माझ्या मते जास्त कसून झालाय. आपण वैतागून 'घटपटाची खटपट' म्हणतो ना, त्यातला घट तो हाच.

सुरुवात तशी साधीच होती. न्याय म्हणजे तर्कशास्त्राचं दर्शन, त्याचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतमाची न्यायसूत्रं; त्यांत ईश्वर येतो तो चौथ्या अध्यायात, जेमतेम तीन सूत्रांपुरता, तेही माणसाच्या कष्टाला कधी फळ येतं कधी येत नाही, मग ते देतं कोण, एवढ्याच मुद्द्यावरून. पुढे उद्योतकर वगैरे नैयायिकांनी, म्हणजे या न्यायदर्शनाच्या पंडितांनी, त्याचं रीतसर अनुमान, म्हणजे तर्काने मांडलेली सिद्धता, करत नेलं. बऱ्याच नंतरच्या तर्कसंग्रह या न्यायाच्या पाठ्यपुस्तकावरच्या दीपिका टीकेत ते एका ओळीत सापडतं: क्षित्यङ्कुरादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्. म्हणजे जमीन, कोंब वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, मडक्यासारखी. झालं, देव सिद्ध!

पण समोर धर्मकीर्ती होता, सातव्या शतकातला बौद्ध पंडित. त्याचं म्हणणं असं की मडकं बघून कुंभार आठवतो कारण तशी वस्तू कुंभार करतो हे आपल्याला आधीच माहीत असतं, नुसतं 'मातीचं आहे' एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल तर मग वारूळही कुंभारानेच केलं म्हणा की! मला हे वारूळ जाम आवडतं. घर बघून गवंडी आठवतो तसं जग बघून होत नाही, हे युरोपात याच धाटणीचं ह्यूम या तत्त्वज्ञाचं म्हणणं छापून आलं १७७९ मध्ये.

आणि हा काही आस्तिक विरुद्ध नास्तिक असा सरळ सामना नव्हता, इथेच बहुतेकांची गल्लत होते. कुमारिल भट्ट हा कट्टर वेदवाला, बौद्धांचा पक्का विरोधक, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यालाही मान्य नाही. हेतू असल्याशिवाय मूर्खसुद्धा कामाला लागत नाही, मग ईश्वराने हा पसारा कशासाठी मांडला, आणि शरीरच नसेल तर केला कसा, असं तो सरळ विचारतो.

या सगळ्यांना उत्तर द्यायला मिथिलेचा उदयनाचार्य उभा राहिला, साधारण दहाव्या-अकराव्या शतकात. त्याच्या न्यायकुसुमांजली या ग्रंथाच्या पाचव्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, एका श्लोकात ईश्वराच्या पुराव्यांची यादीच आहे. त्यातला एक तर भन्नाट आहे, तो असा की दोन परमाणू जुळून द्व्यणुक म्हणजे जोडकण होतं, त्याचं माप ठरतं 'दोन' या संख्येमुळे, पण दोन ही संख्या मोजणाऱ्याच्या बुद्धीशिवाय होतच नाही, आणि सृष्टीच्या सुरुवातीला मोजायला दुसरं होतं कोण? पटो न पटो, डोकं मात्र मानायला लागतं. गंमत म्हणजे ग्रंथाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की ईश्वराबद्दल शंका आहे कुणाला, शैवांपासून विश्वकर्मा पुजणाऱ्या कारागिरांपर्यंत सगळे त्यालाच तर भजतात, ही चर्चा म्हणजे मननरूपी उपासनाच आहे.

त्याच्याबद्दल दंतकथा आहे की पुरीला जगन्नाथाचं दार बंद मिळालं तेव्हा हा देवावरच चिडला, ऐश्वर्याच्या मस्तीत माझा अपमान करतोस काय, बौद्ध आले की तुझं अस्तित्व माझ्याच हातात असतं! खरं-खोटं देव जाणे.

पुढे रामानुजाचार्यांनी तर विष्णुभक्त असूनही हे अनुमान मोडीत काढलं, ईश्वर कळतो तो फक्त शास्त्रातून म्हणाले. आणि उदयनाच्याच सुमाराला विक्रमशिलेच्या बौद्ध विद्यापीठात रत्नकीर्ती या पंडिताने 'ईश्वरसाधनदूषण' नावाचा अख्खा ग्रंथ लिहून नैयायिकांचं हे अनुमान एकेक मुद्दा घेऊन उसवलं होतं. पण विक्रमशिला गेली आणि मूळ संस्कृत ग्रंथ इथून नाहीसा झाला, म्हणजे कित्येक शतकं आपल्या पंडितांच्या हातात या वादातली बौद्धांची बाजू धड नव्हतीच. राहुल सांकृत्यायनांना १९३० च्या दशकात तिबेटच्या मठांत ताडपत्रं सापडली, त्यांत हाही होता, आणि तो पाटण्याला छापून निघाला १९५७ साली.