हार्नेस, कुत्र्याचा

कुत्र्याला फिरायला नेताना त्याच्या छातीभोवती आणि खांद्यांवरून बसवायचा पट्ट्यांचा साज. पाळीव प्राण्यांच्या दुकानात बरीच गिऱ्हाइके तो ‘बॉडी बेल्ट’ म्हणून मागतात. लीश, म्हणजे माणसाने हातात धरायचा पट्टा, या साजाच्या पाठीवरच्या किंवा छातीवरच्या कडीत अडकवतात. त्यामुळे कुत्र्याने ओढले किंवा माणसाने लीश आखडली, तरी ताण गळ्यावर न येता छातीच्या पिंजऱ्यावर पसरतो. गळपट्टा आणि लोखंडी साखळी ही आपल्याकडची जुनी जोडी. सोसायट्यांमध्ये, बागांमध्ये आता तिची जागा हार्नेस घेत आहे, पण तो नीट बसवलेला दिसतोच असे नाही.

कुत्र्याच्या मानेत श्वासनलिका, अन्ननलिका, थायरॉइड ग्रंथी, मोठ्या रक्तवाहिन्या आणि मणक्याचा नाजूक भाग अगदी जवळजवळ असतात. धावत निघालेला कुत्रा लीश संपताच थांबतो, तो हिसका गळपट्टा असेल तर या सगळ्यावर बसतो. पॉमेरेनियन आणि यॉर्कशायर टेरियर यांसारख्या लहान जातींत श्वासनलिकेच्या कूर्चा सैल पडून नलिका चपटी होण्याचा विकार आढळतो. अशा कुत्र्याला गळ्यावर दाब येताच कोरडी ढास लागते. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना श्वास मुळातच कष्टाने घ्यावा लागतो. डोळ्यांचाही प्रश्न आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कुत्रा गळपट्ट्याने ओढत असताना डोळ्यातला दाब वाढलेला आढळला, हार्नेसने ओढताना तसा वाढला नाही. काचबिंदू असलेल्या किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याला म्हणूनच हार्नेस सुचवतात.

हार्नेस घातला की कुत्रा ओढायचा थांबतो, हा मात्र गैरसमज आहे. पाठीवर कडी असलेल्या हार्नेसमध्ये तर कुत्र्याला उलट जोर लावणे सोपे जाते. बैल जू गळ्यावर नव्हे, खांद्यावर घेतो म्हणून दिवसभर ओढू शकतो, तसेच हे. बर्फावर स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचे हार्नेस याच तत्त्वावर शिवलेले असतात. त्यांत दोर थेट शेपटीच्या मुळाशी जोडतात, म्हणजे सगळे बळ छातीतून सरळ मागे जाते. छातीवर कडी असलेला हार्नेस वेगळे काम करतो. कुत्र्याने ओढले की त्याचे अंग माणसाच्या दिशेला वळते आणि पुढे जाण्याचा जोर मोडतो. ओढीच्या कुत्र्याला सवय लावेपर्यंत याचा उपयोग होतो, पण हार्नेस ढिला असेल तर तो नुसताच एका अंगाला फिरतो. ‘नो-पुल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही प्रकारांत ओढताच काखेतल्या दोऱ्या आवळतात. त्यांनी ओढ थांबते ती दुखल्यामुळे, तेव्हा असे प्रकार टाळलेलेच बरे. लीश सैल असेल तेव्हाच पुढे जायचे, ताणली की जागीच उभे राहायचे, हा धडा कोणत्याही साजाबरोबर द्यावाच लागतो.

आकार निवडताना जातीच्या नावावर किंवा वजनावर विसंबू नये. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीचा ‘लार्ज’ असतो आणि सारख्याच वजनाच्या लॅब्रॅडॉरच्या आणि गावठी कुत्र्याच्या छातीत बराच फरक पडतो. शिंप्याची टेप घेऊन दोन मापे घ्यावीत : पुढच्या पायांमागे छातीचा सर्वांत रुंद घेर आणि मान जिथे खांद्यांना मिळते तिथला घेर. घातल्यावर प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटे सपाट सरकली पाहिजेत. चार सरकली तर हार्नेस ढिला, एकही जात नसेल तर तो काचणार. समोरून पाहताना छातीचा पट्टा छातीच्या हाडावर इंग्रजी ‘वाय’ आकारात बसावा आणि खांद्याचे टोक मोकळे राहावे. घेराचा पट्टा काखेत रुतता कामा नये. मध्यम व मोठ्या कुत्र्यात तो काखेच्या दोन-तीन बोटे मागे, पण बरगड्यांवरच हवा, मऊ पोटावर नको. मग कुत्र्याला दहा-वीस पावले चालवून बाजूने बघावे. पाऊल आखूड पडत असेल किंवा साज एकीकडे घसरत असेल, तर बकल सोडून पट्टे पुन्हा बसवावेत.

छातीवरून आडवा पट्टा जाणारा प्रकार घालायला सोपा, पण तो पुढचा पाय उचलताना आड येतो अशी तक्रार आहे. ‘वाय’ आकार त्यामुळे सरसकट चांगला मानला जातो. मात्र २०१९ साली ‘व्हेटरिनरी रेकॉर्ड’ या नियतकालिकात आलेल्या, नऊ कुत्र्यांवरच्या अभ्यासात दोन्ही प्रकारांनी खांद्याची हालचाल कमी केली, आणि ‘वाय’ आकाराने ती आडव्या पट्ट्यापेक्षा जास्त कमी केली. नऊ कुत्र्यांवरून शेवटचा शब्द देता येत नाही. पण आकाराच्या नावापेक्षा आपल्या कुत्र्याच्या चालीकडे बघावे, एवढे यातून निश्चित कळते.

मुधोळ, कारवान आणि पश्मी या दख्खनच्या शिकारी कुत्र्यांची छाती खोल, कंबर बारीक, मान लांब आणि डोके निमुळते असते. कित्येक गावठी कुत्र्यांची ठेवणही काहीशी अशीच असते. असा कुत्रा घाबरला की माणसाकडे तोंड करून मागे-मागे सरकतो, पुढचे पाय आत घेतो आणि डोक्यावरून साज काढून क्षणात पसार होतो. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने हरवणाऱ्या कुत्र्यांपैकी काही असेच निसटतात. यावर उपाय म्हणजे बरगड्यांच्या मागच्या बाजूला, कंबर निमुळती होते तिथे तिसरा पट्टा असलेला हार्नेस. हा पट्टा छातीच्या घेरावरून पुढे सरकत नाही. शिवाय गळपट्टा आणि हार्नेस यांच्या कड्या एका लहान दुव्याने जोडून ठेवाव्यात. हार्नेस आला म्हणून गळपट्टा काढून टाकायचा नसतो. महापालिकेच्या परवान्याचा बिल्ला आणि मालकाचा फोन नंबर त्यावरच राहतो.

आपल्या हवेत कापडाचा विचार जास्त करावा लागतो. जाड अस्तराचा, जॅकेटसारखा हार्नेस युरोपातल्या थंडीत ठीक. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो कुत्र्याला तापवतो. उघड्या जाळीचा किंवा रुंद नायलॉन पट्ट्यांचा साज बरा. पावसाळ्यात ओला हार्नेस अंगावर तसाच राहिला तर काखेतले केस झडतात, त्वचा लाल होते, बुरशीही धरते. फिरून आल्यावर साज काढून काखा, छाती आणि पट्ट्यांखालची जागा बोटांनी चाचपून बघावी. गोचीड नेमकी तिथे सापडते. कोकण आणि गोव्याच्या खाऱ्या वाऱ्यात साध्या लोखंडी कड्या लवकर गंजतात, तेव्हा स्टेनलेस स्टील किंवा पितळ घ्यावे. वेल्क्रोवर एकट्याने भिस्त ठेवू नये. त्यात केस अडकून पकड जाते आणि तो उघडतानाच्या आवाजाला काही कुत्री बिचकतात.

पहिल्या दिवशीच घालून रस्त्यावर नेले तर कुत्रा गारठल्यासारखा जागच्या जागी उभा राहतो. आधी साज हुंगू द्यावा, मग गळ्याच्या फटीतून खाऊ भरवत डोके आपण होऊन आत घालायला लावावे, बकल लावून घरातच थोडा वेळ ठेवावे. डोक्यावरून काही घालू न देणाऱ्यांसाठी जमिनीवर पसरून पायांतून चढवायचे प्रकार मिळतात. वाढत्या पिलाचे माप दर दोन आठवड्यांनी तपासावे लागते.

फिरायचा हार्नेस गाडीतल्या सीटबेल्टची जागा घेऊ शकत नाही. अपघाताच्या धक्क्यात त्याची शिवण टिकेल असे गृहीत धरता येत नाही, त्यासाठी धडक-चाचणी झालेला वेगळा साज लागतो. अंधांच्या वाटाड्या कुत्र्यांचा साजही निराळा. १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अशा कुत्र्यांची शाळा निघाली. या कुत्र्यांच्या साजाला पाठीवर असलेल्या ताठ मुठीतून कुत्र्याची प्रत्येक हालचाल माणसाच्या हाताला कळते. रोजच्या फिरण्याच्या साजाला अशी मूठ लागत नाही. त्याची कडीजवळची शिवण उसवू लागली, बकलला तडा गेला किंवा पट्टा उन्हाने कडक झाला, की तो दुरुस्त न करता बदलावा.