वेरूळच्या दगडाचं वय कार्बन डेटिंगने निघत नाही

"कैलास लेण्याच्या दगडाचं कार्बन डेटिंग केलं, लेणं लाखो वर्षांचं निघालं" असा मजकूर फिरत असतो. बारावीच्या शिकवणीत किरणोत्सर्गाचा धडा आला की मुलं हे हमखास विचारतात, आणि विचारायलाच हवं.

कार्बन डेटिंग म्हणजे कार्बन-14 हा किरणोत्सर्गी कार्बन किती उरलाय त्यावरून वय काढणं. जिवंत शरीरात त्याची भर चालू असते. झाड किंवा प्राणी मेला की ती थांबते आणि 5,730 वर्षांत निम्मा कार्बन-14 उरतो. वहीत 1 ला दहा वेळा निम्मं करून पाहा: 57,300 वर्षांनी हजारावा हिस्साही राहत नाही. म्हणून ही पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालते. लाखो वर्षं हे उत्तर तिच्यातून येऊच शकत नाही.

शिवाय आपला काळा पाषाण लाव्हा थिजून झालेला, तो कधी जिवंत नव्हताच. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने, म्हणजे खडकातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियमपासून किती आर्गॉन वायू झाला ते मोजून, अशा खडकाचं वय काढता येतं. दख्खनच्या या थरांचं वय साधारण 6.6 कोटी वर्षं आहे. पण हा खडक थिजल्याचा काळ, छिन्नी लागल्याचा नव्हे!

लेणं आठव्या शतकातलं, हे ताम्रपट आणि शिल्पशैलीवरून ठरतं. अजिंठ्याच्या गिलाव्यात मात्र भुसा आणि वनस्पतींचे तंतू आहेत. तिथं कार्बनला विचारण्यात अर्थ आहे.